राजवाडा कुणाचा? सातारा, औंध आणि सांगली

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा.

सातारकरांसाठी 'राजवाडा' हा आधी बसचा थांबा आहे. पोवई नाक्यावरून बसमध्ये चढायचं आणि राजवाड्याला उतरायचं. मग गोलबाग, गांधी मैदानावरची चौपाटी, कंदी पेढ्यांची दुकानं. हे नाव तोंडात इतकं बसलंय की तिथं खरोखर एका राजाचा वाडा उभा आहे, हे आपल्याच लक्षात राहत नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आपण त्यांना कास दाखवतो, ठोसेघर दाखवतो, सज्जनगडावर नेतो. राजवाडा त्या यादीत नसतो. फार तर चौपाटीवर भेळ खाताना बोट दाखवून सांगतो, "तो बघा, राजवाडा."

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीला घेऊन सातारा, औंध आणि सांगली असे तीन दिवस फिरलो. ती दहावीत आहे आणि तिचा प्रश्न साधा होता : "मामा, राजवाडा म्हणजे आत राजा पाहिजे ना? इथं तर शाळा आहे."

प्रश्न बरोबर होता. राजस्थानातले महाल किंवा म्हैसूरचा राजवाडा पाहिलेल्या माणसाला आपल्याकडचे राजवाडे बघून हीच शंका येते. सिंहासन नाही, झुंबरं नाहीत, दोऱ्या लावून राखलेली हिरवळ नाही. असते ती शाळा, कचेरी, कोर्टाच्या आठवणी, सायकली लावायची जागा. लोक नाक मुरडतात. मला मात्र वाटतं, आपल्या राजवाड्यांचा खरा इतिहास याच गोष्टीत आहे. राजा आत कसा राहत होता यापेक्षा राजा बाहेर कसा पडला आणि त्याच्यानंतर आत कोण आलं, हे विचारलं तर या भिंती भरपूर बोलतात.

सुरुवात साताऱ्यापासून.

पेशवाईच्या शेवटच्या काळात सातारचे छत्रपती नावाचेच धनी होते. सत्ता पुण्याला आणि छत्रपती साताऱ्यात देखरेखीखाली. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि बाजीरावाबरोबर असलेले तरुण प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. एल्फिन्स्टननं त्यांना सातारच्या गादीवर बसवलं. २५ सप्टेंबर १८१९ ला तह झाला. राज्य मिळालं, पण कंपनीला विचारल्याशिवाय बाहेरच्या कुठल्याही सत्तेशी पत्रव्यवहार करायचा नाही, ही अट त्यात होती. ही अट लक्षात ठेवा, पुढं तीच महाराजांच्या गळ्यात अडकवली गेली. सुरुवातीची काही वर्षं कारभारही ग्रँट डफ हा इंग्रज अधिकारीच बघत होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच तो ग्रँट डफ. १८२२ मध्ये कारभार महाराजांच्या हातात आला.

जुना राजवाडा त्यानंतरचा, १८२४ च्या सुमाराचा. म्हणजे ज्याचे आधीचे दिवस नजरकैदेत गेले त्या राजानं शहराच्या मधोमध बांधलेला हा वाडा. आता याकडं नीट बघा. सातारचा किल्ला वर, अजिंक्यताऱ्यावर. सत्ता आजवर गडावर असायची किंवा गडाच्या भरवशावर असायची. हा राजा मात्र खाली पेठेत येऊन राहिला. त्यानं रस्ते केले, शाळा काढली, छापखाना घातला आणि यवतेश्वर-महादऱ्याच्या बाजूनं शहरात पाणी आणलं. स्वतः रोजनिशी लिहिणारा, कारभारात जातीनं लक्ष घालणारा हा माणूस होता. राजवाड्याच्या आसपासची तळी, हौद, बागा यांच्याकडं नुसती शोभा म्हणून बघू नका. डोंगरातलं पाणी पेठेत आलं म्हणून हे शहर वसलं आणि वाढलं. बाग ही त्या पाण्याची शेवटची पायरी.

सगळं नीट चाललं असतं तर आज आपण 'आदर्श संस्थान' म्हणून साताऱ्याचं नाव घेतलं असतं. पण जहागिरींवर हक्क कुणाचा यावरून महाराजांचा आणि मुंबई सरकारचा खटका उडाला. मग आरोप सुरू झाले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या पदच्युत राजाशी पत्रव्यवहार, पलटणीतल्या देशी शिपायांना फितवणं. ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्याला आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : झालं ते कबूल करा, या कागदावर सही करा, गादी तुमचीच.

महाराजांनी सही केली नाही.

मी भाचीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "करून टाकायची ना मग. राज्य तरी राहिलं असतं." व्यवहार म्हणून तिचं बरोबर होतं. त्या काळातल्या कितीतरी संस्थानिकांनी अशा सह्या केल्या आणि त्यांच्या पिढ्या आरामात जगल्या. पण न केलेला गुन्हा कबूल करून मिळणारी गादी या माणसाला नको होती. ५ सप्टेंबर १८३९ ला त्यांना पदच्युत केलं गेलं. लष्कराच्या पहाऱ्यात त्यांना शहराबाहेर काढलं आणि पुढं काशीला पाठवलं. १८४७ मध्ये तिथंच ते वारले. साताऱ्याला परत आले नाहीत.

त्यांच्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथं भांडत राहिले. अर्ज, पत्रकं, सभा, पार्लमेंटच्या सभासदांच्या गाठीभेटी. आज आपण ज्याला जनमत तयार करणं म्हणतो ते एका मराठी वकिलानं त्या काळात परक्या राजधानीत करून पाहिलं. यश आलं नाही. इकडं महाराजांचे भाऊ अप्पासाहेब गादीवर बसले, शेजारचा नवा राजवाडा त्यांच्या काळात पुरा झाला. ५ एप्रिल १८४८ ला तेही वारले. मृत्यूच्या आधी त्यांनी दत्तक घेतला होता. साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रियर स्वतः इंग्रज असून दत्तक मान्य करावा असं म्हणत होता. डलहौसीनं ऐकलं नाही. वारस नाही असं ठरवून संस्थान खालसा केलं. शाळेत आपण झाशी, नागपूर, सातारा अशी यादी पाठ करतो, पण डलहौसीच्या त्या यादीत पहिलं नाव साताऱ्याचं आहे. १८५७ मध्ये याच शहरात गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड दिला गेला. त्यात रंगो बापूजींचा मुलगा होता. रंगो बापूजी स्वतः निसटले, ते पुन्हा कुणाच्या हाती लागले नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. राजा गेला, राज्य गेलं, पण वाडे उभे होते. इंग्रज सरकारनं तिथं न्यायालय आणलं, शाळा आणली. जिथं मुजरा करून आत जावं लागायचं तिथं आता फी भरून किंवा समन्स घेऊन जाता येऊ लागलं.

पॅरिसमध्ये १७९३ मध्ये लूव्र हा राजवाडा संग्रहालय म्हणून लोकांना खुला झाला. तिथं लोकांनी राजाला हटवलं आणि मग वाड्याचे दरवाजे उघडले. आपल्याकडं राजाला हटवलं ते एका परक्या व्यापारी कंपनीनं, आणि ज्या राजाला हटवलं तो लोकांसाठी शाळा आणि पाणी करणारा होता. म्हणजे आपला राजवाडा 'सार्वजनिक' झाला तो अन्यायातून. पुढं तिथून भलंही झालं, पण सुरुवात अन्यायाची होती. या दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात ठेवायची सवय आपल्याला नाही. एक गट म्हणतो इंग्रजांनी शिक्षण दिलं, दुसरा म्हणतो इंग्रजांनी लुटलं. राजवाड्याच्या चौकात उभं राहिलं की दोन्ही खरं असतं.

आणि तिसरीही एक गोष्ट खरी असते.

७ नोव्हेंबर १९०० ला या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीला एका नऊ वर्षांच्या मुलाचं नाव घातलं गेलं. भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरमधला क्रमांक १९१४. आजच्या प्रतापसिंह हायस्कूलनं ती नोंद जपून ठेवली आहे, आणि २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. १९०४ पर्यंत बाबासाहेब साताऱ्यात शिकले. त्यांच्या आईची, भीमाबाईंची समाधीही याच शहरात आहे.

इथपर्यंत गोष्ट सांगितली की आपल्याला छान वाटतं. राजाच्या वाड्यात सुभेदाराचं पोर शिकलं, केवढा बदल! मग फोटो काढून आपण पुढं जातो. पण बाबासाहेबांनी स्वतः त्या काळाबद्दल काय लिहून ठेवलंय तेही वाचलं पाहिजे. वर्गात त्यांना इतरांबरोबर बसता येत नसे, कोपऱ्यात वेगळं बसावं लागे. बसायला गोणपाटाचा तुकडा. शाळा झाडणारा नोकर त्या तुकड्याला हात लावत नसे, म्हणून संध्याकाळी तो घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. तहान लागली तर स्वतः नळ सोडायचा नाही. मास्तरांनी परवानगी दिली पाहिजे आणि शिपायानं नळ सोडला पाहिजे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही.

ज्या शहरात राजानं डोंगरातून पाणी आणलं, त्याच शहरात हे चाललं होतं. राजाला जाऊन साठ वर्षं झाली होती. सरकार कायद्याचं होतं, शाळा सरकारी होती, प्रवेश रीतसर होता. दरवाजा उघडलेला होता आणि नळ बंद होता.

भाची त्या चौकात बराच वेळ काही बोलली नाही. नंतर एवढंच विचारलं, "कुठं होता तो नळ?" मला सांगता आलं नाही. तिथं सांगणारा फलकही दिसला नाही. प्रवेशाची तारीख सगळ्यांना माहीत असते, नळाची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. माझी या पोस्टमधली मुख्य तक्रार हीच आहे. इमारत सार्वजनिक झाली की ती सगळ्यांची झाली असं आपण गृहीत धरतो. आत येणं आणि आत आल्यावर बरोबरीनं वागवलं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजवाड्यानं पहिली १९०० मध्ये दिली. दुसरीसाठी त्या मुलाला मोठं होऊन १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं.

साताऱ्याहून दुसऱ्या दिवशी औंधला निघालो. औंध खटाव तालुक्यात. १९०१ मध्ये बाबासाहेबांचे वडील याच खटाव तालुक्यात, दुष्काळी कामावर बांधल्या जाणाऱ्या तलावाच्या ठिकाणी रोखपालाची नोकरी करत होते. त्यांना भेटायला निघालेली ही भावंडं मसूर स्टेशनवर उतरली. महार आहेत कळल्यावर कुणी गाडी देईना. शेवटी दुप्पट भाड्यानं गाडी मिळाली, ती त्यांनी स्वतः हाकायची या अटीवर. जवळ डबा होता पण वाटेत पाणी कुणी दिलं नाही, म्हणून उपाशी रात्र काढली. ज्या कामावर वडील होते ते काम तलावाचं होतं, ही गोष्ट मी गाडीत भाचीला मुद्दाम सांगितली.

औंधचे पंतप्रतिनिधी हे मुळात सातारच्या छत्रपतींचे सरदार. पुढं त्यांचं वेगळं संस्थान राहिलं. ७२ गावांचं छोटं राज्य, तेही तुकड्यातुकड्यांत : औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडचं गुणदाळ. १९०९ पासून गादीवर बाळासाहेब, म्हणजे भवानराव श्रीनिवासराव. सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेला, स्वतः चित्रं काढणारा, कीर्तन करणारा राजा. कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा देऊन त्यांनी कारखाना उभा राहू दिला. तीच किर्लोस्करवाडी.

यमाईच्या डोंगरावर चढताना मध्ये श्री भवानी संग्रहालय लागतं. १९३८ चं. रविवर्म्याची चित्रं, धुरंधरांची चित्रं, हेन्री मूरचं एक दगडी शिल्पसुद्धा. मुंबईत असतं तर तिकिटाला रांग लागली असती. इथं आम्ही गेलो तेव्हा आमच्याखेरीज चार-पाच माणसं आणि एका शाळेची सहल. मला ती सहल बघून फार बरं वाटलं. राजानं आपला संग्रह वाड्यात कडी घालून ठेवला नाही. देवीला जाणाऱ्या माणसाच्या वाटेवर आणून मांडला. शेतकरी, गुराखी, जत्रेला आलेली बाई, कुणीही जाता जाता बघावं.

पण औंधची खरी गंमत संग्रहालयात नाही. जानेवारी १९३९ मध्ये या राजानं आपली सत्ता रयतेच्या हवाली करणारी राज्यघटना लागू केली. चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनियर यात पुढं होते, गांधीजींचा सल्ला घेतलेला होता. गावची पंचायत, पंचायतीतून तालुका, तालुक्यातून विधिमंडळ अशी रचना. राजाच्या स्वतःच्या खर्चालाही मर्यादा. बाकी हिंदुस्थानात संस्थानिक प्रजापरिषदेच्या लोकांना तुरुंगात घालत होते त्या काळात हे चाललं होतं. याच राज्यात आटपाडीच्या माळावर स्वतंत्रपूर वसलं. गुन्हेगारांना कोठडीत न ठेवता शेती करायला लावणारी खुली वसाहत. व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ मध्ये आला तो या प्रयोगावरून. कथा गदिमांची, आणि गदिमा त्याच मुलखातले, औंध संस्थानात वाढलेले.

म्हणजे साताऱ्याला राजाकडून वाडा हिसकावला गेला, औंधला राजानं आपण होऊन किल्ली पुढं केली. मात्र ही किल्ली देतानाही बाळासाहेब राजेच होते, म्हणून ते देऊ शकले. त्यांच्या मनात आलं नसतं तर रयतेला वाट बघत बसावं लागलं असतं. चांगला राजा मिळणं हे नशीब झालं. हक्क त्याच्या पुढचा. असो.

तिसऱ्या दिवशी विटा, तासगाव करत सांगली.

सांगलीचं आणि साताऱ्याचं नातं कागदावरही आहे. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' नावाचा जिल्हा झाला, त्याचं मुख्य ठिकाण सांगली. १९६० मध्ये त्याचं नाव सांगली जिल्हा झालं. जुन्या माणसांच्या दाखल्यावर अजून 'द. सातारा' असं दिसतं.

सांगलीचा राजवाडा म्हणजे गणेशदुर्गाच्या आतला परिसर. मिरजेच्या पटवर्धनांत वाटण्या झाल्या आणि १८०१ मध्ये चिंतामणराव अप्पासाहेब सांगलीला आले. किल्ला, खंदक, कृष्णेकाठचं गणपती मंदिर हे त्यांच्या काळातलं. आजही सांगलीचा माणूस नवी गाडी घेतली की आधी त्या गणपतीला जातो. पुढं राजवाड्याच्या आवारात वर्षानुवर्षं सरकारी कचेऱ्या होत्या, शाळा आली, संग्रहालय आलं. सांगलीकर दोन पिढ्या 'राजवाड्यात काम आहे' म्हणायचे ते सातबारा आणि तारखांसाठी.

याच राजवाड्यात ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातली एक भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती. ते पाहून अप्पासाहेबांना वाटलं की मराठीत असं काहीतरी व्हावं, आणि त्यांनी आपल्या पदरच्या तरुण भाव्यांना कामाला लावलं. म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. पण पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १८५१ मध्ये अप्पासाहेब वारले आणि भाव्यांचा आश्रय गेला. मंडळी पोसायची कशी? त्यांनी सामान गाडीवर घातलं आणि गावोगाव खेळ करत निघाले. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग झाले. राजाच्या आमंत्रणावर बघायचं नाटक आता पैसे मोजून कुणीही बघू लागलं. आश्रय तुटला नसता तर मराठी नाटक कदाचित आणखी काही वर्षं दरबारातच राहिलं असतं. कलावंतावर पोटाची वेळ आली आणि त्यातून कला लोकांची झाली.

आता थोडं अवघड बोलतो. हेच चिंतामणराव अप्पासाहेब आणि सातारचे प्रतापसिंह महाराज १८३० च्या आगेमागे एका मोठ्या वादात समोरासमोर होते. वेदोक्ताचा अधिकार कुणाला, क्षत्रिय कोण, चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंना आणि मराठ्यांना कोणते संस्कार करता येतात, हा तो ग्रामण्याचा वाद. महाराज अधिकार मागणाऱ्यांच्या बाजूनं, सांगलीचे अधिपती विरोधी पक्षाच्या पुढारपणात. म्हणजे ज्या हातांनी मराठी नाटकाला पहिला आसरा दिला तेच हात दुसरीकडं दार लावून घेत होते. मी हे कुणाला कमी लेखायला लिहीत नाही. माणसं अशीच असतात. एका बाबतीत काळाच्या पुढं, दुसऱ्या बाबतीत काळाला धरून. दोन्ही गोष्टी एकाच फलकावर लिहायचं धाडस आपण दाखवायला हवं. जयंतीला फक्त पहिली आणि भांडणात फक्त दुसरी, असं चालत नाही.

संध्याकाळी आमराईत गेलो. संस्थानी काळातली ही बाग, आता महापालिकेची. म्हातारी माणसं फेऱ्या मारत होती, कॉलेजची पोरं बाकावर, एक बाई नातवाला घेऊन बसलेली. कुणीच कुणाला नाव, गाव, जात विचारत नव्हतं. भाची म्हणाली, "मामा, इथं तिकीट नाही?" नाही म्हटलं. येताना आयर्विन पूल बघितला. १९२९ चा, संस्थानानं बांधलेला. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रानं या पुलाचं नाव ऐकलं. सांगलीकर मात्र दर पावसाळ्यात एकमेकांना विचारतोच, "आयर्विनला किती झालं?" संस्थान जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पण त्याचा पूल अजून सगळ्यांच्या कामाचा आहे. याहून मोठं स्मारक कुठल्या राजाला पाहिजे?

आता हे सगळं आज सांगायचं कारण.

जुन्या वास्तूंबद्दल हल्ली दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, पडकं झालंय, पाडा आणि पार्किंग करा. दुसरा म्हणतो, खासगी कंपनीला द्या, हेरिटेज हॉटेल होईल, पर्यटन वाढेल. हॉटेल करायला माझा सरसकट विरोध नाही. ज्यांचा खासगी वाडा आहे त्यांनी जरूर करावं, डागडुजीला पैसा लागतो हे मलाही कळतं. पण जे राजवाडे गेली शंभर-दीडशे वर्षं लोकांच्या वापरात आहेत, तिथं पुन्हा दारावर माणूस उभा करून "आपण गेस्ट आहात का?" असं विचारायला लावू नका. लोकांना तिथपर्यंत पोचायला फार वेळ लागला आहे. काही जणांना तर आत येऊनही नळासाठी थांबावं लागलं आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

सातारच्या राजवाड्यात शाळा आहे म्हणून तो राजवाडा कमी दर्जाचा होत नाही. शाळा हीच त्या वास्तूची शान आहे. लाकडाचं, कौलांचं, भिंतींचं काम जुन्या पद्धतीच्या जाणकारांकडून व्हावं आणि त्याचा खर्च शाळेच्या गळ्यात पडू नये.

चौकात मराठीत एक नीट फलक हवा. त्यावर १८२४, १८३९, १८४८ आणि १९०० ही चारही सालं असावीत. महाराजांनी न केलेली सही असावी, लंडनला भांडलेले रंगो बापूजी असावेत, गोणपाट आणि नळही असावा. मुलांना हे झेपणार नाही असं म्हणू नका. भाचीला झेपलं.

औंधच्या संग्रहालयाला सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येक शाळेची निदान एक सहल जावी. वॉटरपार्कला जातेच आहे.

सांगलीच्या राजवाड्यात ५ नोव्हेंबरला शाळकरी मुलांचं एखादं नाटक दरवर्षी व्हावं, उघड्यावर, फुकट.

आणि बागा बागाच राहू द्याव्यात. गोलबाग असो की आमराई, बाकं, झाडं, प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृह एवढं दिलं तरी पुष्कळ झालं. पाण्याचा नळ चालू आहे ना, हे मात्र रोज बघावं.

पुढच्या वेळी पाहुणे आले की कासला जायच्या आधी अर्धा तास काढा. राजवाड्याला उतरा, शाळेची परवानगी घ्या, मुलांच्या तासाला त्रास न देता चौकात जा. राजा कुठं बसायचा हे कुणीतरी विचारेलच. तेही सांगा, आणि नऊ वर्षांचं ते पोर कुठं बसायचं तेही सांगा.

#सातारा #औंध #सांगली